तोललेलं दार

मास्तरांच्या हस्तलिखितात मी पहिल्यांदा अडले ती ‘दार जाणतं’ या दोन शब्दांशी.

एका राक्षसलोकातून दुसऱ्या राक्षसलोकात जायचं तर दगडी दारातून जावं लागतं. कुणाला आत सोडायचं, किती जणांना सोडायचं, ते दार जाणतं. एवढं सांगून मास्तर चौकटीवरच्या नक्षीकडे वळले होते आणि पुढचं अख्खं पान तिथेच रमले होते.

मी फोन केला.

“मास्तर, दार जाणतं म्हणजे किती?”

“किती म्हणजे?”

“एका वेळी किती राक्षस जातात?”

“बाई, ते दार आहे. तिकिटाची खिडकी नाही.”

“खेळणारा विचारणार ना. त्याचं सैन्य पलीकडे जाईल का, कधी जाईल, सगळं जाईल की थोडं.”

“दाराला कळेल ते.”

“दाराला कळून उपयोग नाही. टेबलाभोवती बसलेल्यांना कळलं पाहिजे.”

त्यांनी फोन ठेवला. रागावून नाही; बोलणं संपलं असं त्यांना वाटलं की ते ठेवतात.

माझं काम नियम तपासण्याचं आहे. आमचं प्रकाशन टेबलावर खेळायचे खेळ काढतं: पट, पत्ते, आणि ज्यात खेळणारे स्वतः पात्रं होऊन फासे टाकत गोष्ट पुढे नेतात त्या खेळांची जाडजूड पुस्तकं. टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या म्हणजे आमचं ऑफिस. खिडकी उघडली की रबराचा वास येतो आणि बंद केली की शाईचा. मी शिकले भौतिकशास्त्र. त्याचा इथे उपयोग काय, असं नातेवाईक अजून विचारतात. उपयोग एवढाच, की दोन नियम एकमेकांना छेद देत असले तर मला झोप लागत नाही, आणि आमच्या मालकीणबाई त्याचाच पगार देतात.

मास्तर निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. वर्गात नद्या आणि पठारं शिकवता शिकवता त्यांनी डोक्यात सात राक्षसलोक वसवले होते. प्रत्येकाचे वारे वेगळे, माती वेगळी, राजघराणी वेगळी. सातव्या प्रकरणात या सातांमधला महासंग्राम होता, आणि एकट्या शस्त्रांनी निम्मं पुस्तक खाल्लं होतं. ज्या परशूला तीन पाती आहेत त्याचं वजन मास्तरांना पाठ होतं. दाराचा आकडा मात्र माझ्याशी आठवडाभर हुज्जत घालून त्यांनी दिला, तोही उपकार केल्यासारखा, एका ओळीत: ‘दार तोललेलं असतं. आतलं सैन्य बाहेर निघत असेल तेव्हाच, आणि तेवढंच, बाहेरचं सैन्य आत जाईल.’

वाचून मला बरं वाटलं. त्यात काही नव्याने उपजत नव्हतं, काही नाहीसं होत नव्हतं. एका बाजूला जेवढं कमी तेवढं दुसऱ्या बाजूला जास्त. असल्या नियमांवर माझी शाळेपासून माया आहे. मी समासात बरोबरची खूण केली. सातवं प्रकरण पुन्हा उघडून पाहण्याचं त्या वेळी डोक्यात आलं नाही.

पुस्तक छापण्याआधी आमच्याकडे चाचणी होते. ज्यांनी ते आधी पाहिलेलं नाही अशा माणसांना बसवायचं, पुस्तक हातात द्यायचं, आणि खेळू द्यायचं. मी सूत्रधार, म्हणजे मी फक्त पुस्तकातलं वाचून दाखवायचं. जे पुस्तकात लिहिलेलं नाही ते त्या जगात नाही. लेखक खोलीत बसू शकतो, पण त्याने तोंड उघडायचं नाही. उघडलं तर चाचणी रद्द. लेखक प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन समजावून सांगणार नसतो, हे त्यामागचं साधं कारण.

मास्तरांच्या दोन चाचण्या आधीच वाया गेल्या होत्या. पहिलीत राक्षसांचा श्वास, म्हणजे त्यांची उरलेली ताकद, कुठून मोजायचा यावर दुपारभर काथ्याकूट झाला. दुसरीत पहिल्याच उंबऱ्यावर सगळे मेले. मालकीणबाईंनी मला बोलावून सांगितलं, “तिसरी शेवटची. युद्ध सुरू झालं पाहिजे आणि त्याचा निकाल लागला पाहिजे. नाहीतर यंदा कोंबड्यांचा खेळ छापू.” कोंबड्यांचा खेळ तयार होता, त्याचे नियम एका पानात मावत होते, आणि त्यात चूक सापडत नव्हती. मला तो अजिबात आवडत नव्हता.

मास्तरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “कोंबड्या कुणाशी लढतात?”

“कुणाशी नाही. अंडी घालतात.”

यावर त्यांनी फोन ठेवला नाही. म्हणाले, “बाई, माझं आता दुसरं पुस्तक व्हायचं नाही. या वयात सात लोक पुन्हा नाही वसवता येत.”

त्यामुळे तिसऱ्या चाचणीला माझा जीव मास्तरांपेक्षा जास्त टांगणीला लागला होता, आणि नेमकी खेळायला माणसं मिळेनात. नेहमीचे सगळे मास्तरांच्या राक्षसांना एकदा भेटून चुकले होते. शेवटी मी ताईला विचारलं. ताई माझी थोरली बहीण, इस्पितळात नर्स. तिच्याबरोबर भावोजी आपोआप येतात. त्यांचं नळ आणि पाइपांचं दुकान आहे आणि कुठलाही खेळ ते जिंकायलाच बसतात. तिसरे मिळाले ते समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर. रविवारी दवाखाना बंद असतो म्हणून आले, आणि आल्या आल्या त्यांनी विचारलं, “यात कुणाला दुखतं का?”

“राक्षसांना दुखतं,” मी म्हटलं.

“मग ठीक आहे.”

भावोजींनी काजळलोक घेतला, ताईने क्षारलोक, डॉक्टरांनी भस्मलोक. मास्तर कपाटाशेजारच्या स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. मालकीणबाई आतल्या खोलीत हिशेबाला बसल्या होत्या. मधलं दार उघडंच होतं.

“मेहुणीबाई, सरळ मुद्द्याचं सांगा,” भावोजी बाह्या सरसावत म्हणाले. “लढाई कशी सुरू करायची?”

मी वाचलं. “‘दोन सैन्यं एका भूमीवर उभी राहिली की युद्ध सुरू होतं.’”

“सोपं आहे. मी हिच्यावर चालून जातो.”

“का पण?” ताई म्हणाली. “मी काय केलंय?”

“काही नाही. तू जवळ आहेस.”

हुकूम चिठ्ठीवर लिहून पालथे ठेवायचे आणि सगळ्यांनी एकदम उलटायचे, असा नियम होता. भावोजींनी लिहिलं, ‘क्षारलोकावर स्वारी.’ ताईने लिहिलं, ‘विश्रांती.’ डॉक्टरांनीही विश्रांतीच लिहिली होती, सुंदर अक्षरात.

“दार उघडत नाही,” मी म्हणाले.

“का?”

“क्षारलोकाचं सैन्य बाहेर निघालेलं नाही. ते निघालं तरच तुमचं आत जातं.”

“म्हणजे मी हल्ला करायचा तर शत्रूने आधी घराबाहेर पडायला हवं?”

“त्याच क्षणी. तेवढंच.”

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. मास्तर छताकडे बघत होते.

पुढच्या फेरीत भावोजींनी पुन्हा स्वारी लिहिली. ताईने पुन्हा विश्रांती.

“अगं, तू लढायला आली आहेस ना?”

“मी आठवडाभर उभी असते. माझी राणी बसणार आहे.”

“मग बसून बसून काय होणार?”

“पाय दुखायचे थांबतील.”

तिसऱ्या फेरीला भावोजींनी डाव बदलला. ताई बसते म्हणून आपणही बसायचं, म्हणजे ती गाफील राहील, असं काहीतरी. त्या फेरीत ताईने नेमकी स्वारी लिहिली. दार उघडलं नाही. डॉक्टरांनी ‘विश्रांती’ पुन्हा लिहिताना शुद्धलेखनाची चूक नको म्हणून आपली मागचीच चिठ्ठी परत ठेवली.

“अहो, हलायचं नाव घ्या,” ताई म्हणाली. “आता मी निघाले तर तुम्ही बसलात.”

“तू सांगून निघालीस का?”

“युद्धाला काय सांगून निघतात?”

मी पुस्तकात पाहत राहिले. मला कुठेतरी टोचायला लागलं होतं, पण नेमकं काय ते अजून बोट ठेवून सांगता येत नव्हतं. चौथ्या फेरीला दोघांनी इरेला पेटून स्वारी लिहिली. दार उघडलं. भावोजींनी टेबलावर थाप मारली.

“आता बघा. माझं सैन्य दारातून आत. समोरून हिचं येतंय. तिथेच कापतो.”

“‘दारात हात उचलत नाही,’” मी वाचलं. “चौथं प्रकरण.”

“का उचलत नाही?”

“कारण दिलेलं नाही.”

“बरं. मग आत शिरतो. परशू काढला. तीन पात्यांचा. नगरात घुसलो. कोण आहे समोर?”

मी पान उलटलं. पुन्हा उलटलं. “कुणी नाही.”

“कुणी नाही म्हणजे?”

“राक्षसलोकात सगळेच सैन्यात असतात. मागे कुणी राहत नाही. नगर रिकामं आहे.”

“सैन्य गेलं कुठे मग?”

“तुमच्या घरी,” ताई म्हणाली.

खाली टायरवाल्याने हवेचा पंप सुरू केला आणि बंद केला. मग डॉक्टर हळूच म्हणाले, “म्हणजे दारात दोघं एकमेकांना ‘जरा सरका’ म्हणून पुढे गेले.”

आता मला काय टोचत होतं ते दिसलं, आणि ढळढळीत दिसलं. दोन्हीकडून स्वारी झाली नाही तर दार बंद. झाली तर जागांची अदलाबदल. लोक दोन असोत नाहीतर सात, सैन्यं फक्त एकमेकांच्या जागी जाऊन बसणार. एका भूमीवर दोन सैन्यं कधीच उभी राहणार नाहीत. मास्तरांच्या महासंग्रामाचं पहिलं वाक्यच घडू शकत नव्हतं. निम्मं पुस्तक शस्त्रं, आणि ती उगारायला समोर कुणी येणार नाही. दार आणि संग्राम यांच्यात मास्तरांनी पाच प्रकरणं आणि कित्येक वर्षं घातली होती. मी खूण करताना ती पाच प्रकरणं ओलांडून पाहिलं नव्हतं.

मी स्टुलाकडे पाहिलं. मास्तरांचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण कपाळावर घाम होता. त्यांनाही आत्ताच कळत होतं.

भावोजी हार मानणारे नव्हेत. दुकानात एखादा सांधा बसत नसला की ते दहा प्रकारे बसवून पाहतात.

“सैन्य अर्धं करतो. अर्धं इकडे, अर्धं तिकडे.”

“‘फुटलेल्या सैन्याला दार ओळखत नाही.’ तिसरं प्रकरण.”

“नवे राक्षस भरती करतो.”

“राक्षसांना मुलं होत नाहीत.”

“कुठलं प्रकरण?”

“चौथंच.”

“या माणसाने राक्षसांना काही करू दिलंय का?” असं म्हणून ते एकदम मास्तरांकडे वळले. मास्तर त्यांच्याकडे अशा डोळ्यांनी पाहत होते की भावोजींनीच नजर काढून घेतली. “बरं, मग परत तरी जातो. माझ्या घरी. स्वारी म्हणा, काय म्हणाल ते म्हणा.”

चिठ्ठ्या उलटल्या. भावोजींची ‘काजळलोकाकडे परत.’ ताईची ‘विश्रांती.’

“अगं, तू निघाल्याशिवाय मला आत येता येत नाही.”

“माहीत आहे.”

“मग निघ.”

“कशाला? तिकडे नुसतं मीठ. घशाला कोरड पडते. वाचलंय मी. इथे पाणी असेल.”

“मेहुणीबाई, क्षारलोकात पाणी नाही?”

“‘क्षारलोकात पाणी नाही. प्रत्येक फेरीला सैन्याचा एक श्वास कमी होतो.’”

“नळांच्या दुकानदाराला बरं ठिकाण मिळालं,” डॉक्टर म्हणाले.

“डॉक्टर, तुम्ही या इकडे. मी तुमच्या भस्मलोकात येतो. अदलाबदल.”

“तिकडे पाणी नाही म्हणता ना?”

“नाही.”

“मग मी कशाला येऊ?”

“मित्र म्हणून.”

“आपली ओळख आजची,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी विश्रांतीची चिठ्ठी पुन्हा नीट सरळ करून ठेवली.

आणखी फेऱ्या झाल्या. भावोजींनी धमक्या दिल्या, मग आर्जवं केली, मग घरच्या गोष्टी काढल्या. गेल्या महिन्यात माळा कुणी साफ केला, तो विषय निघाला. ताई दाद देईना. तिने चपला काढून पाय शेजारच्या खुर्चीवर घेतले होते. फेरीगणिक भावोजींच्या सैन्याचा श्वास कमी होत होता. मी फासे गोळा करत होते, आकडे खोडत होते, आणि मनातल्या मनात मास्तरांवर, दारावर, स्वतःवर, सगळ्यांवर चिडत होते. आतल्या खोलीतला कागदांचा आवाज थांबला होता. मालकीणबाई ऐकत असणार.

तेवढ्यात ताईने विचारलं, “इथे घरं कशी आहेत?”

“कुठे?”

“काजळलोकात. मी राहायला आलेय ना आता. घरात काय आहे?”

मी पुस्तक चाळलं. काजळलोकाचे वारे होते. दगडांचे थर होते. शस्त्रागारावर मोठं प्रकरण होतं. घरांबद्दल अवाक्षर नव्हतं. लढायला जाणाऱ्यांना घरात डोकावायचं काय काम, असं मास्तरांनी धरलं असावं.

“लिहिलेलं नाही,” मी म्हटलं.

“भांडी?”

“लिहिलेली नाहीत.”

“चूल, अंथरूण, काहीतरी असेल की.”

“ताई, जे लिहिलेलं नाही ते नाही. घरं रिकामी आहेत.”

“रिकामी नाहीत,” मास्तर म्हणाले.

मी हात वर केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते स्टुलावरून उठले होते.

“भांडी आहेत. काजळलोकात अंधार असतो, म्हणून भांड्यांना काठावर खाचा आहेत. बोट फिरवलं की कळतं कुठलं दुधाचं, कुठलं औषधाचं. घरांना खिडक्या नाहीत. उजेडच नाही तर खिडकी कशाला? पण प्रत्येक दाराच्या चौकटीला कमरेच्या उंचीवर एक दगड बसवलेला असतो, आणि तो घरातल्या चुलीने गरम राहतो. अंधारात चालताना हात लावत जायचं. गरम लागला की घरात माणूस आहे. तुम्ही गेलात तेव्हा सगळे दगड अजून कोमट असतील.”

“आणि पाणी?” ताईने विचारलं.

“घराखाली हौद. दोरीला गाठी. किती गाठी ओल्या झाल्या त्यावरून पाणी किती ते समजतं. दिवा लावतात, पण बघायला नाही. काजळी धरायला. ती पाण्यात कालवून भिंतीवर बोटांनी लिहितात. कोण कुठे गेलं, ते परत आलेल्याला कळावं म्हणून. अंधारात बोटं फिरवून वाचायचं, म्हणून शाई जाड ठेवतात.”

“मग मी भिंत वाचते,” ताई पाय खाली घेत म्हणाली. “यांच्या घराची. काय लिहिलंय?”

मास्तर सांगत राहिले. भावोजी तोंड उघडं ठेवून ऐकत होते. त्यांच्या राजाच्या भिंतीवर त्याच्या आईने काय लिहून ठेवलं होतं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, भस्मलोकातही अशी घरं आहेत का, आणि तिकडची निराळी निघाली. राख चाळून तिच्यातून लोक जुन्या वस्तू काढतात आणि त्या कुणाच्या असतील त्याचा शोध घेत दारोदार फिरतात. डॉक्टर म्हणाले, “एवढं होतं तर मी इतका वेळ नुसता बसून का राहिलो?” मी काहीच लिहून घेतलं नाही. चाचणी रद्द झाली होती, आणि ती रद्द करणारा माणूस आनंदाने हातवारे करत होता. मला त्याचे खांदे धरून गदगदा हलवावंसं वाटत होतं.

मालकीणबाई दारात उभ्या होत्या. चष्मा कपाळावर.

“मास्तर, तुम्ही बोललात.”

मास्तर थांबले. हात हवेतच राहिले.

“हो,” ते म्हणाले.

“युद्ध सुरू झालं?” मालकीणबाईंनी मला विचारलं.

“नाही. होऊच शकत नाही. दाराचा नियम आणि सातवं प्रकरण एकत्र नांदत नाहीत.”

“निकाल?”

मी भावोजींकडे पाहिलं. त्यांच्या सैन्याला उभं राहायलाही श्वास उरला नव्हता. “निकाल लागल्यासारखा आहे.”

“मी हरलेलो नाही,” भावोजी म्हणाले. “मी बाहेर अडकलोय.”

मालकीणबाईंनी चष्मा खाली घेतला आणि टेबलावरच्या चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या. त्या कमी बोलतात, आणि बोलतात तेव्हा हिशेब झालेला असतो. “सातवं प्रकरण काढा. शस्त्रं काढा. दार राहू द्या. आत्ता सांगत होतात ते सातही लोकांचं लिहून द्या. असं झालं तर मी छापते. नाहीतर कोंबड्या.”

मला वाटलं, सुटलो. मी मास्तरांकडे वळले, तर ते पिशवी उचलत होते.

“नाही,” ते म्हणाले. “युद्ध काढायचं तर राक्षस कशाला? मग काढा कोंबड्याच.” आणि जिना उतरून गेले.

ताई म्हणाली, “हे काय? चांगलं सांगत होते की.”

मी त्यांच्यामागे धावले. जिन्यात एकच पोरका दिवा आहे, तोही मधल्या वळणावर. मास्तर खालच्या पायरीवर पोचले होते. टायरवाल्याने रचलेल्या टायरांमुळे बाहेर पडायची वाट अरुंद झाली होती, आणि एक माणूस टायर घेऊन आत येत होता म्हणून त्यांना थांबावं लागलं. माझं नशीब.

“मास्तर, तुम्हाला काय पाहिजे तरी काय? वर्षानुवर्षं लिहिलंत, त्या छापते म्हणाल्या, आणि तुम्ही चाललात?”

“त्यांना संग्राम नको आहे.”

“संग्राम होत नाही. मला नको म्हणून नाही, त्यांना नको म्हणून नाही. तुमच्याच दाराने तो होत नाही.”

“दार बदलतो.”

“बदला. दार नुसतं उघडं ठेवा. मग भावोजी आत घुसतील, परशू फिरवतील, आणि गरम दगडाला हात न लावता पुढच्या लोकात जातील. तुम्हाला तेच पाहिजे?”

टायरवाला माणूस म्हणाला, “काका, जरा आत सरका.” मास्तर सरकले, तो गेला, वाट मोकळी झाली. मास्तर निघाले नाहीत.

“बाई,” ते म्हणाले, “मुलं भूगोलाच्या तासाला झोपायची. नदीचं नाव सांगितलं की झोपायची. तिथे लढाई झाली होती म्हटलं की उठून बसायची. युद्धाशिवाय तिकडे जाणार कोण? कुणाला पडलंय काजळलोकाचं?”

मला त्यांचा राग आला होता, आणि ते खरं बोलत होते. मी जे माहीत होतं तेवढंच सांगितलं.

“ताई गेलीय. आणि ती निघायला तयार नाही.”

मास्तरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“ती निघत नाही म्हणून भावोजी रडकुंडीला आलेत. डॉक्टर इतका वेळ हलले नव्हते, त्यांना आता राख चाळायची आहे. कुणी कुणाला मारलेलं नाही, आणि माझी बहीण रविवारची झोप सोडून तुमच्या भिंती वाचतेय. ती आमच्या घरच्या लग्नातही एवढा वेळ जागी नव्हती.”

“शस्त्रं सगळी काढायची?”

“सगळी.”

“तीन पात्यांचा परशूसुद्धा?”

“मास्तर.”

ते टायरांकडे बघत उभे राहिले. ओठ हलत होते. कुठल्या तरी पानाचा मनात निरोप घेणं चाललं असावं. मी जिन्याच्या कठड्याला टेकले. समजूत घालण्याचं माझ्याजवळचं सगळं संपलं होतं.

“मघाशी एक चूक सांगितली मी,” शेवटी ते म्हणाले. “राणीच्या घरातला हौद घराखाली नसतो. राजघराण्याचा हौद रस्त्याखाली असतो, सगळ्यांना मिळून एक. तुमची बहीण खाजगी हौदावर बसलीय असं समजून चाललीय. तिला सांगायला हवं.”

“मग चला वर.”

“आणि क्षारलोकात पाणी नाही हे मी चुकीचं लिहिलंय. आहे. फक्त ते काढायचं कसं ते लिहिलेलं नाही. सकाळी दगडांना सुटतं.”

“हे आत्ता सांगताय? भावोजींचं सैन्य मेलं.”

“मेलं नाही. राक्षस तहानेने मरत नाहीत, झोपतात. पाचवं प्रकरण.”

“पाचव्या प्रकरणात असं काही नाही.”

“नाही? मग तेही लिहायला लागेल.”

ते जिना चढू लागले, कठड्याला धरून, एकेका पायरीवर मला नवी दुरुस्ती सांगत. श्वासाचा नियम सगळाच बदलावा लागेल. राक्षसांना मुलं होतात, होत नाहीत असं आपण का लिहिलं ते त्यांना आठवत नव्हतं. फुटलेल्या सैन्याला दार ओळखत नाही हे खरं, पण एकट्यादुकट्या प्रवाशाला ओळखतं, आणि ते कसं हे सांगायला एक प्रकरण लागेल. तोलाचं काय, असं मी विचारलं. एकटा आत गेला तर बाहेर कोण येणार? त्यावर ते वळणावरच्या दिव्याखाली थांबले आणि माझ्याकडे कौतुकाने पाहत म्हणाले, “ते दार जाणतं.”

“किती, मास्तर?” मी म्हटलं. “मला आकडा पाहिजे.”

वरून भावोजींचा आवाज आला, कुणी पाणी देतंय का म्हणून. ताई त्यांना सांगत होती की टेबलावर तांब्या भरलेला आहे, तो घ्या, पण काजळलोकातून ती हलणार नाही.